दत्ताचं डोकं, माझी सही

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. जागा घाटकोपरचं एक हॉस्पिटल, चौथा मजला. हजर तिघं: स्मितावहिनी, केतकी आणि मी. नर्सनं मॉनिटरचं बटण दाबलं आणि खोलीतला तो एकसारखा टिकटिक आवाज थांबला. दत्तात्रय परब, वय एकसष्ट, मुलुंडच्या आमच्या सोसायटीतला माझा अठरा वर्षांचा शेजारी, गेला. त्याला मेंदूत गाठ होती. आणखी एक आकडा लिहितो, कारण त्या आकड्यासाठीच हे लिहायला बसलोय. त्याआधी, एका नोव्हेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत, दत्तानं एकतीस वेळा, दर वेळी बावीस मिनिटं, एका नव्या यंत्रात आपलं डोकं तपासायला दिलं होतं. एकूण सहाशे ब्याऐंशी मिनिटं. त्याच यंत्रात माझंही डोकं जायचं होतं, फॉर्मवर माझी सही होती. माझी मिनिटं शून्य. ती शून्य का राहिली आणि त्याचं काय झालं, हे दत्ताला ओळखणाऱ्या बऱ्याच लोकांना अर्धवट माहीत आहे. पूर्ण मीच सांगायला हवं.

आमची ओळख भांडणातून झाली. मी वीज कंपनीत मीटर तपासायच्या विभागात आहे. सोसायटीच्या कमिटीवर नवा नवा गेलो तेव्हा पाण्याच्या पंपाचं बिल मला जास्त वाटलं, म्हणून मी आठ दिवस रीडिंग घेतलं आणि मीटिंगमध्ये सांगितलं की पंप दिवसाला अकरा युनिट जास्त खातोय. पंपाची देखभाल तेव्हा दत्ता फुकटात करायचा. तो उठून म्हणाला, "म्हणजे मी चोर काय रे?" मी म्हटलं, "चोर नाही, तुमचं बेअरिंग गेलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दत्ता हातात ते झिजलेलं बेअरिंग घेऊन उभा. "घे. फ्रेम करून लाव." त्या दिवसापासून मी त्याचा अनल्या झालो. विक्रोळीच्या कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. हाताला मोजमाप होतं. केसाच्या जाडीएवढा फरक बोटानं सांगायचा. मला त्यासाठी उपकरण लागायचं, आणि यावरून तो मला आयुष्यभर चिडवत आला.

निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यानं घरातले सगळे नळ, कड्या आणि बिजागऱ्या दुरुस्त केल्या. मग त्याच्या बायकोनं, स्मितावहिनींनीच, कुणाकडून तरी कळल्यावर त्याला केतकीकडे पाठवलं. केतकी तिशीतली इंजिनीयर. मुलुंडच्याच एका औद्योगिक इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचा छोटा गाळा. बंगळुरूला बसलेला एक सोबती सॉफ्टवेअर बघायचा, बाकी सगळं ती. बनवत होती एमआरआयचं यंत्र, पण हॉस्पिटलच्या तळघरात असतं तसलं नाही. त्या मोठ्या यंत्राला थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, स्वतंत्र खोली लागते, जमीन मजबूत करावी लागते. केतकीच्या यंत्राचं चुंबकत्व त्या मोठ्याच्या साधारण तिसाव्या भागाइतकं. चाकांवर ढकलत नेता येईल, लिफ्टमध्ये मावेल, पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालेल आणि पेशंटला खाटेवरून हलवावं लागणार नाही, फक्त त्याचं डोकं आत घ्यायचं. चित्र मोठ्या यंत्राइतकं बारीक येत नाही. पण मेंदूत रक्तस्राव झालाय की नाही, काही वाढलंय की नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ. अशी यंत्रं आता जगात ठिकठिकाणी तयार होतायत. केतकीला ते आपल्याकडे, आपल्या किमतीत करायचं होतं.

दत्ताला तिनं कॉइल गुंडाळायला ठेवलं आणि महिन्याभरात तो त्या गाळ्याचा मालक असल्यासारखा वागायला लागला. चुंबकाचं कडं म्हणजे शेकडो लहान चौकोनी लोहचुंबक, प्रत्येकाचं तोंड ठरलेल्या दिशेला. दोन जवळ आले तर बोट चेचून निघतं. दत्तानं ते बसवायला लाकडाच्या पाचरी आणि पितळी चिमटे स्वतः बनवले, आणि गाळ्याच्या दारात पाटी न लावता तोंडानंच नियम लावला. आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "घड्याळ काढा, पाकीट काढा, चावी काढा. पापं असतील ती पण बाहेरच्या टेबलावर. जाताना परत मिळतील." केतकीला तो "गो बाय" म्हणायचा आणि ती त्याला "परबकाका". एकदा तिनं सांगितलेले एकशे सहा वेढे त्यानं एकशे चार केले आणि वर म्हणाला, "दोन तुझ्या गणितात चुकलेत." तिनं परत हिशेब केला. चुकलेले होते.

हे सगळं तो कशासाठी करत होता, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. त्याचा मोठा भाऊ कुडाळजवळच्या गावी राहायचा. एके सकाळी त्याचं तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे कळल्याशिवाय औषध देता येईना, आणि ते कळण्याचं यंत्र तेव्हा चार तासांवर. पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. "टेम्पोत घालून नेता येईल असं झालं ना अनल्या," तो म्हणाला, "तर पहिलं आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात. डिलिव्हरी द्यायला मी जातलंय." मग जरा थांबून, "पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसान…"

मी त्या गाळ्यात शिरलो तो पट्ट्यांमुळे. चित्रांवर आडव्या पांढऱ्या पट्ट्या यायच्या. इतक्या कमी ताकदीच्या यंत्रात मेंदूकडून येणारा संकेत फार क्षीण असतो. आजूबाजूच्या मोटारी, वायरी, ट्यूबलाइट यांचा विद्युत गोंगाट त्याच्यावर सहज चढतो. दत्ता म्हणाला, "आमच्या बिल्डिंगमधे एक माणूस हा, कमिटीत बसान सगळ्यांचे युनिट मोजता." मी तीन रविवार तिथे वही घेऊन बसलो. इमारतीची मालाची लिफ्ट कधी सुरू झाली, कधी थांबली, ते सेकंदासकट लिहिलं. सोळापैकी चौदा पट्ट्या लिफ्टच्या वेळेशी जुळल्या. केतकीनं मग यंत्राच्या बाहेर चार लहान कॉइल बसवल्या. त्यांचं काम फक्त खोलीतला गोंगाट ऐकणं. मग संगणक तो गोंगाट मुख्य संकेतातून वजा करायचा. पट्ट्या गेल्या. त्या दिवशी दत्तानं खालून बारा वडापाव आणले, खाणारी माणसं तीन. मला म्हणाला, "तू डॉक्टर आहेस रे मशीनचा." मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं पुढे महागात पडलं.

दिवाळीनंतर नवं, सुधारलेलं चुंबकाचं कडं तयार झालं. त्यावर निरोगी माणसांची डोकी घेऊन चाचणी करायची परवानगी अशा चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या वैद्यकीय समितीनं दिली होती, पण फॉर्मवर नावं असतील त्यांचीच. केतकीला तेव्हा चौथा महिना होता, म्हणून नियमानं तिला चालत नव्हतं. नावं दोन गेली: दत्तात्रय परब आणि अनिल मोहिते. दर रविवारी दत्ता झोपायचा. मी बाहेर टेबलाशी बसून वही लिहायचो. तारीख, खोलीचं तापमान, कॉइलचं तापमान, सुरू, बंद, शेरा. पहिल्याच चित्रात डाव्या कानाच्या वर एक फिकट डाग दिसला. बोराएवढा.

तो डाग काढायला आम्ही सात महिने घालवले. पाण्याची बाटली आत ठेवून बघितली तर डाग नाही. त्यावर मीच केतकीला समजावलं की बाटली आणि माणूस सारखे नसतात, माणसाचं शरीर अँटेनासारखं काम करतं, बाहेरचा गोंगाट ओढून आत आणतं, म्हणून डाग माणूस असला तरच येणार. यात खोटं काही नव्हतं. शरीर खरंच तसं करतं. डाव्या बाजूला भिंतीवर विजेचं पॅनेल होतं, मी त्याच्यावर संशय घेतला. पॅनेल बंद करून बॅटरीवर चालवलं, डाग तसाच. यंत्र उलट दिशेला फिरवलं, डाग डोक्याच्या डाव्या बाजूलाच. मग मी म्हटलं, दोष यंत्राबरोबर फिरतोय, म्हणजे तो यंत्रात आहे. दत्तानं त्या बाजूचे चाळीस लोहचुंबक एकेक करून काढले, तपासले, परत बसवले. दोन रविवार गेले. डाग होताच. उलट यंत्र जसजसं सुधारत होतं तसतसा तो मोठा आणि ठळक होत होता, कडा दिसायला लागल्या होत्या, आणि आम्ही त्यावर वैतागत होतो. लिफ्ट तपासली, पॅनेल तपासलं, कॉइल तपासल्या, चुंबक तपासले. राहिलं ते डोकं. दुसरं एक डोकं आत घातलं असतं तर बावीस मिनिटांत निकाल लागला असता, आणि ते दुसरं डोकं तिथेच बाहेर टेबलाशी बसून शेरे लिहीत होतं. "डावीकडील डाग: बाह्य विद्युत गोंगाट, कारण शोधणे चालू." खाली माझी सही. असे तेवीस शेरे. केतकी कधी साशंक झाली तर दत्ताच तिला सांगायचा, "अनल्यान सांगितल्यान ना? मग झाला."

मी का झोपलो नाही? पहिल्या रविवारी म्हटलं, दाढेत चांदी भरलीय. केतकी म्हणाली, चालते. मग सर्दी होती, खोकलं की चित्र बिघडतं. मग पाठ. मग मुलीच्या ॲडमिशनचे कागद. खरं कारण वेगळं होतं. माझे वडील त्रेपन्नाव्या वर्षी खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. त्या वर्षी मला त्रेपन्न पूर्ण होत होती. घराच्या कर्जाची नऊ वर्षं बाकी, मुलगी बारावीत. माझ्या डोक्यात काही असेल तर ते मला बघायचं नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या मीटरमधले दोष शोधून काढणारा मी, स्वतःचं रीडिंग घ्यायला घाबरत होतो.

दत्ताला हे मी जानेवारीत एकदा सांगितलं. आधी त्यानं थट्टा केली, "झोप मेल्या, तुझ्या डोक्यात काय गावतला? आकडेच गावतले." मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसायचा थांबला. "बरां," तो म्हणाला, "घाई नाय. तुका वाटात तेव्हा." त्यानंतर त्यानं मला एकदाही टोकलं नाही. दर रविवारी स्वतः चष्मा काढायचा, पट्टा काढायचा आणि आत जाऊन झोपायचा. तो इतका समजूतदार नसता, त्यानं मला चारचौघांत भित्रा म्हटलं असतं, तर कदाचित मी रागाच्या भरात झोपलो असतो… पण हे आता त्याच्यावर ढकलण्यासारखं आहे.

मार्चमध्ये दत्ता म्हणायला लागला की वार्निश जळल्याचा वास येतोय. कॉइलच्या तारेवर वार्निश असतं. तो वास चौतीस वर्षं कारखान्यात घेतलेला माणूस तसं म्हणतो म्हटल्यावर आम्ही यंत्र बंद केलं. केतकी तेव्हा आठव्या महिन्यात, तरी वाकून वाकून बघत होती. मी प्रत्येक कॉइलचं तापमान घेतलं. एकतीस अंश, बत्तीस, एकतीस. काही गरम नव्हतं. आम्हा दोघांना वासही येत नव्हता. "तुमची नाकं कामातून गेलीत," दत्ता म्हणाला. असं तीन वेळा झालं. तिसऱ्यांदा तर तो यंत्राजवळही नव्हता, आमच्या सोसायटीच्या जिन्यात होता. म्हणाला, अंगाला वास लागून राहिलाय, धुतलेल्या शर्टालाही येतो. मी वहीत लिहिलं: "जळका वास, दत्ता परब यांची तक्रार. तापमान योग्य. दोष आढळला नाही." तेही माझ्याच अक्षरात आहे.

केतकीला एप्रिलमध्ये मुलगी झाली. दोन महिने आम्ही दोघांनी बंगळुरूच्या सोबत्याशी फोनवर बोलत यंत्र चालवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली आणि त्याच रविवारी तिनं एका वयस्क रेडिओलॉजिस्टना यंत्र बघायला बोलावलं होतं. तोपर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र आम्ही मोठं छापून भिंतीवर लावलं होतं. आम्हाला त्याचा अभिमान होता. मेंदूच्या वळ्या मोजता येत होत्या. डॉक्टर आले, घड्याळ काढलं, दत्ताच्या पापांच्या वाक्यावर हसले, आणि भिंतीपुढे उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "छान आलंय. हा पेशंट आता कुठे असतो?"

"पेशंट नाहीये, सर," केतकी म्हणाली. "आमचे व्हॉलंटियर आहेत. आणि तो डावीकडचा डाग गोंगाटाचा आहे, त्यावर काम चालू आहे."

दत्ता मागून चहाचा ट्रे घेऊन येत होता. "पेशंट खंयचो, डॉक्टर? माझोच टकलो तो. बघा, आत मेंदू आसा, सिद्ध झाला."

डॉक्टरांनी कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. दत्ताला समोरच्या स्टुलावर बसवलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "परब, कधी असा वास येतो का, जो दुसऱ्या कुणाला येत नाही?"

दत्तानं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. त्यात राग नव्हता. टूलरूममध्ये एखादा भाग का बसत नाही ते शेवटी कळल्यावर माणूस जसा बघतो, तशी होती. "येता," तो म्हणाला. "वार्निशचो."

दुसऱ्याच दिवशी मोठ्या यंत्रात तपासणी झाली. गाठ नेमकी तिथेच होती, आता लिंबाएवढी. शस्त्रक्रिया जुलैत झाली. सर्जननं सांगितलं, जेवढी निघाली तेवढी काढली, बाकीची भाषेच्या जागेला चिकटली आहे. मी त्यांना एकट्यानं गाठून विचारलं, सहा-सात महिने आधी आला असता तर? ते म्हणाले, "बहुतेक पूर्ण काढता आली असती. पुढे किती वर्षं, ते मी सांगणार नाही. पण महिने नाही, वर्षं म्हटलं असतं." मी हा प्रश्न तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारला. आकड्याची खात्री करायची सवय. तिघांची उत्तरं जुळली.

ऑपरेशननंतर दत्ताचे शब्द इकडचे तिकडे व्हायला लागले. चमच्याला तो कानस म्हणायचा, वहिनींना एकदा "मॅनेजर" म्हणाला आणि स्वतःच खूप हसला. पण एक गोष्ट त्याच्या मनात पक्की होती. गणपतीच्या आधी मला घरी बोलावलं आणि म्हणाला, "तो डबा आण. तुझो डबो. लिवतंस तो." त्याला वही हवी होती. मी आणली. कारखान्याचा त्यांचा नियम असा की नोंद चुकली तर खोडरबर चालत नाही. चुकीवर एकच रेघ, ती खालून वाचता आली पाहिजे, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. त्यानं माझ्याकडून तेवीसच्या तेवीस शेरे असे दुरुस्त करून घेतले. "गोंगाट" वर रेघ, शेजारी "गाठ". प्रत्येक ओळीला साक्षीदार म्हणून त्याची सही. बाराव्या ओळीला माझा हात थांबला तेव्हा त्यानं माझ्या मनगटावर बोटानं टकटक केलं. शब्द शोधत शोधत बोलला, "मशीन खरां बोलत होतां रे. पहिल्या दिवसापासून. आपणच त्याका खोट्यात काढलां." आणि त्याला याचा आनंद होता. खरंच आनंद. जिनं त्याचा घात केला ती चूक त्याला दिसत होती, आणि तरी त्याच्या हातानं गुंडाळलेली कॉइल बोराएवढी गाठ दाखवू शकली, यावर तो खूश होता. मला त्या आनंदात सामील होता आलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "पुढची ओळ."

दत्ताच्या तेराव्यानंतर आठ दिवसांनी वहिनींनी मला वर बोलावलं. समोर बसल्या. "अनिल भावोजी, मला एक सांगा. मला आकडे नकोत. तुम्ही एकदा झोपला असतात, तर कळलं असतं?"

मी म्हटलं, "हो."

"केव्हा?"

"नोव्हेंबरात. पहिल्या नाहीतर दुसऱ्या रविवारी."

"मग का नाही झोपलात?"

"भीती वाटत होती, वहिनी. माझ्या डोक्यात काही निघेल याची."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पी-पी आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "मी त्यांना म्हणायचे, दर वेळी तुम्हीच का? त्या अनिल भावोजींना का नाही घेत? तर म्हणायचे, येईल तो, त्याला घाई करू नको." पदरानं चेहरा पुसला. "मी तुम्हाला सोडून दिलं असं समजू नका. पण तुमची सही आहे ना त्या फॉर्मवर? मग जाऊन या आता तरी. त्यांचं मशीन अडलंय." त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही. विचारायला नकोच होता.

पुढच्याच रविवारी गेलो. सकाळचे साडेदहा. केतकी एकटीच होती, मुलीला आईकडे ठेवून आलेली. दत्तानंतर यंत्र चालू झालेलं नव्हतं. मी घड्याळ काढलं, पाकीट काढलं, चष्मा काढला. सगळं बाहेरच्या टेबलावर ठेवलं. आत डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे बसवतात. केतकी कपाटातून ते काढायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात एक फोमचा साचा होता, न वापरलेला, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. म्हणाली, "काका, हा त्यांच्या मापाचा नाही." त्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं दोन मापं होती, मिलिमीटरमध्ये, आणि त्यापुढे लिहिलेलं: अनल्या.

माझ्या डोक्याचं माप त्यानं कधी घेतलं, मला कळेना. मग उलगडलं. मी त्याला भीती सांगितली त्याच आठवड्यात तो माझं स्कूटरचं हेल्मेट मागून घेऊन गेला होता, मुलुंड स्टेशनला जायचंय म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी परत दिलं. त्याच्याकडे स्कूटर नव्हती. मला हे तेव्हा खटकायला हवं होतं.

साचा मला बसला. कानाच्या वर जिथे माझं डोकं किंचित रुंद आहे, तिथे त्यानं फोम तेवढाच खोलगट केला होता. कुठे टोचलं नाही, कुठे सैल नव्हतं. बावीस मिनिटं यंत्राची टकटक ऐकत मी तिथे न हलता पडून राहिलो. बाहेर आलो. केतकीनं पडदा माझ्याकडे वळवला. आम्ही दोघांनीही आधी डावीकडेच बघितलं, कानाच्या वर. तिथे काही नव्हतं. स्वच्छ. बाकीचं डोकंही स्वच्छ. इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते माझ्यात नव्हतंच, आणि हे इतक्या सहज कळण्यासारखं होतं… केतकी पडद्याकडे बघत रडायला लागली. मी वही ओढली. तारीख, तापमान, सुरू, बंद. शेऱ्यात लिहिलं, "डाग नाही", आणि सही केली. साक्षीदाराच्या जागी केतकीनं.

निघताना तिनं तो साचा पिशवीत घालून मला द्यायला आणला. "तुमच्याकडे ठेवा, काका. आठवण म्हणून." मी तो परत कपाटात ठेवला. समितीला अजून तीस चित्रं दाखवायची आहेत, तेव्हा दर रविवारी तो लागणार.